बुडबुडा दिसला तर गाडी सोडायची नाही

माझं पंक्चरचं दुकान आहे. जुन्या हायवेवर वडगाव मागे टाकून लोणावळ्याकडे निघालात की डाव्या हाताला पत्र्याची शेड लागते, तीच. बाहेर टांगलेले टायर आणि पुढ्यात पाण्यानं भरलेलं एक काळं घमेलं. सव्वीस वर्षं मी त्या घमेल्यात बघत बसलोय. ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायची, हळूहळू फिरवायची. बुडबुडा येईल तिथं भोक. पॅच चिकटवला की पुन्हा बुडवायची. पुन्हा बुडबुडा दिसला तर गिऱ्हाईक कितीही घाईत असो, गाडी सोडायची नाही. रविवारी लोणावळ्याला निघालेले लोक फार घाईत असतात. "चालेल हो भाऊ, पुढे बघू," म्हणतात. पुढे म्हणजे कुठं बघणार, खंडाळ्याच्या उतारावर? यावरून माझी किती भांडणं झालीत त्याला हिशेब नाही.

दुकानाची एवढी कहाणी आधी सांगितली, कारण माझं आजारपण याच एका नियमावर येऊन अडलं. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. आता नाही. कालपरवा ज्याला हे कळलंय आणि जो घरात कुणाशी न बोलता भिंतीकडे बघत बसलाय, त्याच्यासाठी मी हे लिहितोय. औषधातलं मला काही कळत नाही, ते डॉक्टरांना विचारा. घाबरण्यातलं मात्र मला बरंच कळतं.

मूळव्याध, असं मीच ठरवलं

आमच्या धंद्यात माणूस दिवसभर बुटक्या स्टुलावर नाहीतर उकिडवा बसतो. उन्हाळ्यात खालची जमीन तापलेली, हातातलं रबर तापलेलं. त्यामुळे संडासला रक्त दिसलं तेव्हा मी मूळव्याध ठरवून मोकळा झालो. हायवेवर मूळव्याधीच्या पाट्यांना काय तोटा? एका पाटीवरून चूर्ण आणलं आणि ताकातून घेतलं. चार दिवस रक्त नाही दिसलं की मी बरा, दिसलं की परवाचा ठेचा नडला. असं सात-आठ महिने मी स्वतःला फसवलं. वजन उतरलं तेव्हा तर मला बरंच वाटलं, सुटलेलं पोट आत जातंय म्हणून.

मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, मी काहीच सांगितलं नव्हतं. बायकोला सांगण्यासारखी ही गोष्ट नाही असं वाटायचं. पण मंगल दिवसभर दुकानातच असते. दुचाकीची पंक्चर तीच काढते, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा सफाईनं काढते. एका रविवारी दुकानासमोर तीन गाड्या उभ्या असताना तिनं हातातला पाना खाली ठेवला.

"सकाळपासनं पाच येळा पेट्रोल पंपावरच्या संडासला गेलाय तुमी."

"पोट बिघडलंय."

"आठ महिनं पोट बिघडतं व्हय कुनाचं? तुमची कापडं मी धुते. मला काय दिसत न्हाई?"

म्हणजे तिला सगळं माहीत होतं आणि ती माझ्या तोंडून निघायची वाट बघत होती. तिनं तिन्ही गाडीवाल्यांना पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवला आणि शटर खाली ओढलं. रविवारी भर दुपारी आमचं शटर पडलेलं त्या रस्त्यानं पहिल्यांदाच बघितलं असेल.

सोबत कोण आहे?

तळेगावच्या हॉस्पिटलात पोटाच्या सर्जन एक बाई होत्या. चाळिशीच्या, बोलायला शांत, हसायला कमी. त्यांनी खालून दुर्बीण घालून तपासायला सांगितलं. त्यासाठी आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यातून पितात. त्या दिवसाबद्दल मी एवढंच सांगतो की धोतरवाले सुखी.

तपासणीत गाठ दिसली. तिचा तुकडा काढून पाठवला, पोटाचे फोटोही काढले. सगळे रिपोर्ट आले त्या दिवशी मी एकटाच केबिनमध्ये शिरलो. मंगल बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरबाईंनी कागद उघडले, वाचले, पुन्हा मिटले आणि विचारलं, "सोबत कोण आहे?"

तिथंच मला कळलं. पुढचं सगळं त्यांनी मंगल आत आल्यावर नीट, न घाबरवता सांगितलं. कॅन्सर आहे, गुदाशयाच्या थोडा वर आहे, पसरलेला दिसत नाही, ऑपरेशननं निघेल. मी मान डोलवत होतो, पण माझं सगळं लक्ष टेबलावरच्या पेनच्या टोपणाकडे होतं. ते नीट लागलेलं नव्हतं आणि मला ते दाबून बसवावंसं वाटत होतं. शेवटी मी विचारलं काय, तर ट्रकचा टायर कधी उचलता येईल. मंगलनं विचारलं, "ह्यास्नी आता खायला काय घालू?" डॉक्टरबाईंनी दोन्ही प्रश्नांची तितकीच गंभीर उत्तरं दिली. त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो.

मला पूर्ण उघडा

मग त्या म्हणाल्या, "आपण हे दुर्बिणीतून करू. पोटावर चार छोटी छिद्रं आणि खाली एक चार बोटांची चीर, तुकडा बाहेर काढण्यापुरती. पूर्वी बेंबीच्या वरपासून खालपर्यंत पोट उघडावं लागायचं. आता दुसऱ्या दिवशी तुम्ही चालाल."

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. मी उठून उभा राहिलो.

याचं कारण माझ्या धंद्यात आहे. हल्ली ट्यूबलेस टायर आलेत. त्यांचं पंक्चर चाक न उतरवता बाहेरूनच काढतात. सळईनं भोक मोठं करायचं, चिकट दोरी खुपसायची, वरचं कापून टाकायचं, पाच मिनिटांत गाडी रस्त्याला. मला ते काम मनापासून आवडत नाही. आत तार किती तुटली, टायर कुठं फाटला, हे बाहेरून कसं दिसणार? मी चाक उतरवतो, टायर उघडतो, आतून पॅच मारतो. वेळ लागतो, लोक कुरकुरतात. बाहेरून काढलेलं पंक्चर माझ्या लेखी कामचलाऊ, आणि इथं तर माझं पोट होतं.

"मॅडम, मला चार भोकं नकोत. पूर्ण उघडा आणि नीट बघून करा."

"लोक माझ्याकडे याच्या उलटं मागायला येतात," त्या म्हणाल्या.

"लोकांना घाई असते."

मंगलनं माझी बाही ओढली. मी ऐकलं नाही. माझ्या मेव्हण्याचं पोटाचं ऑपरेशन पुण्यात एका वयस्कर सर्जननं केलं होतं. वीतभर व्रण आहे, आणि मेव्हणा पंधरा वर्षं ठणठणीत आहे. मला तसाच व्रण हवा होता. त्या डॉक्टरांची भेट मिळायला आणि माझे सगळे कागद गोळा व्हायला तीन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात पोट तट्ट फुगायला लागलं. दीड दिवस वारासुद्धा सरला नाही. गिऱ्हाइकासमोर मी जॅक धरून तसाच वाकून राहिलो आणि घामानं निथळलो. तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मरण लांब कुठं तरी आहे असं आजवर वाटत होतं, ते त्या दुपारी माझ्या शेजारी येऊन बसलं होतं.

पुण्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी कागद बघायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. "मी आता हे ऑपरेशन उघडून करत नाही. गरज पडली तरच. तुमच्या तळेगावच्या बाई दुर्बिणीनं करतात ते चांगलं करतात. तुम्ही तीन आठवडे कशाला घालवलेत?"

नाक मुठीत धरून आम्ही परत तळेगावला गेलो.

एकच प्रश्न

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. गाठीनं वाट जवळजवळ अडवलीय, आता चार दिवसांत करू, एवढंच म्हणाल्या. पूर्ण अडली असती तर घाईगडबडीत पोट उघडावं लागलं असतं आणि मग पिशवी नक्की होती.

पिशवी म्हणजे काय ते मी विचारलं. आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढतात, त्यावर पिशवी चिकटवतात, संडास त्यात होतो. हे आज लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. मला मरणापेक्षा त्या पिशवीची भीती जास्त वाटली. दिवसभर उकिडवं बसणारा माणूस मी. लग्नाच्या पंगतीत बसलो आणि वास आला तर? गिऱ्हाइकासमोर ती फुटली तर?

त्यांनी मला दुसऱ्या एका पेशंटच्या ऑपरेशनचं चित्रण संगणकावर दाखवलं, नाव-गाव झाकून. मी शेडमध्ये बॅटरी घेऊन टायरमध्ये डोकं घालतो तेव्हा मला जेवढं दिसतं, त्याच्या कितीतरी पट त्या पडद्यावर दिसत होतं. बारीक शीर न् शीर मोठी दिसत होती. उघडं पोट वरून बघण्यापेक्षा हे जास्त आतून बघणं होतं. तरी माझा एक प्रश्न उरला होता.

"खराब तुकडा काढल्यावर दोन टोकं जोडणार. तो सांधा धरलाय हे तुम्हाला कळणार कसं?"

"सांध्याभोवती पाणी सोडतो. मग खालून आतड्यात हवा भरतो. बुडबुडे आले तर गळतंय."

मी मंगलकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"आणि बुडबुडे आले तर?"

"तिथं पुन्हा टाके घालायचे. तरी खात्री वाटली नाही तर काही आठवडे पिशवी. सांध्यावरून काही गेलं नाही की तो शांतपणे भरून येतो. तो फुटला आणि घाण पोटात गेली, तर माणूस जाऊ शकतो."

मी म्हटलं, ऑपरेशन करा. पण संमतीच्या कागदावर पिशवीच्या रकान्याखाली मी सही करेना. बऱ्याच बोलाचालीनंतर डॉक्टरबाई म्हणाल्या, तसं असेल तर मी ऑपरेशन करणारच नाही. शेवटी असं ठरलं की वेळ आली तर त्या बाहेर येऊन मंगलला विचारतील आणि मंगल म्हणेल ते मला मान्य असेल. तसं मी सहीनिशी लिहून दिलं.

आणि बाहेर जिन्यात मंगलचा हात धरून मी तिच्याकडून शब्द घेतला. काही झालं तरी पिशवीला हो म्हणायचं नाही.

"आसं काय बोलताय?" ती म्हणाली.

"शब्द दे."

तिनं जिन्याच्या कठड्याकडे बघत हो म्हणून मान हलवली.

जाग आल्यावर

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आमची मुलगी सोनाली आली. ती लग्न होऊन वराळ्याला असते आणि तिथल्याच एका कंपनीत कामाला आहे. रजा टाकून आली होती. मला आत नेताना ती रडली, मंगल रडली नाही. आतला हॉल थंडगार होता. कुणीतरी माझ्या तोंडावर मास्क धरला आणि मी दुकानाची किल्ली कुणाकडे दिलीय ते आठवायला लागलो. ते आठवायच्या आत झोप लागली.

जागा झालो तेव्हा दुपार कलली होती. तोंड कोरडं, घसा खरखरीत. पहिलं काय केलं असेल, तर उजवा हात पोटावर नेला. डावी बाजू सपाट लागली. तिथं दोन छोट्या पट्ट्या होत्या. मधे एक. मग हात उजवीकडे सरकला आणि प्लास्टिकला लागला. ते कोमट होतं.

मी मान वळवली. मंगल पलंगाशी उभी होती. तिनं नजर चुकवली नाही, हे मला चांगलं आठवतं. मीच भिंतीकडे तोंड केलं.

तीन दिवस

तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

बाकी सगळं सांगितल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं मला उठवून उभं केलं. मी चार पावलं टाकली, संध्याकाळी वॉर्डच्या दारापर्यंत गेलो. माझा मेव्हणा आठ दिवस नुसता पडून कण्हत होता, ते मला आठवत होतं. एका डबीत तीन चेंडू असतात आणि नळीतून श्वास ओढून ते वर उचलायचे असतात. मी हवेचा धंदा करणारा, पण दोनच चेंडू उचलायचो. दुखत होतं, पण ते सोसवेल असं. त्या चार भोकांवर मी उगीच संशय घेतला होता, हे मला चालायला लागलो त्याच दिवशी कळून चुकलं. पण हे कबूल करायला मी कुणाशी बोलतच नव्हतो.

मंगल पाणी चमच्यानं पाजायची, मी प्यायचो. ती पाय चेपायची, मी डोळे मिटायचो. सिस्टर पिशवी रिकामी करायला आली की मी वर पंख्याकडे बघायचो आणि मंगल मात्र वाकून, कसं करतात ते शिकून घ्यायची. एकदा ती म्हणाली, "शबूद मोडला मी. तुमी रागावल्यालं परवडलं मला." शब्द मोडणारी बाई म्हणून मी तिच्यावर चिडलो होतो, आणि ती रागावली नाही म्हणून जास्तच चिडलो होतो. घरच्या माणसाशी एवढं दुष्टपणानं वागता येतं, हे मला त्या पलंगावर कळलं.

नामाआबा

शेजारच्या पलंगावर तिकोना पेठेच्या वरच्या वाडीतले नामाआबा होते. सत्तरीचे, काटक, अंगावर मूठभर मांस नाही. त्यांना सहा वर्षांपासून कायमची पिशवी होती आणि तिच्या बाजूला फुगवटा आला म्हणून आता दाखल झाले होते. ते तीन दिवस आमचा तमाशा बघत होते. चौथ्या दिवशी मंगल डबा आणायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं,

"भाऊ, बायकूशी का बोलत न्हाई?"

मी पिशवीकडे बोट दाखवलं.

"ही?" त्यांनी सदरा वर करून स्वतःची दाखवली, अगदी खिशातली तंबाखूची पिशवी दाखवावी तशी. "मी गडाच्या पायथ्याला ताक इकतो. आयतवारी पोरंपोरी येत्यात गड चढाया. सा वर्सं झाली, कुनाला कळलं न्हाई. सकाळी वतायची, धुवायची, झालं. उलट बरं हाय. गुडगं गेलेत माजं, आता उकिडवं बसाया लागत न्हाई."

मला हसू आलं आणि पोटातले टाके असे ओढले गेले की डोळ्यांत पाणी आलं. आबा हसले नाहीत.

"तुजी तर काडनार हायेत म्हनं. मग एवढा रुसवा कशाचा?"



त्याच दुपारी सोनाली आली. तिला कुणी काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही, पण ती स्टूल ओढून समोर बसली आणि म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी दाराशी काय झालं ते तुम्ही आईला विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं. मग तिनं सांगितलं.

ऑपरेशन सुरू होऊन चार तास झाले असतील. डॉक्टरबाई दारात आल्या. म्हणाल्या, गाठ पूर्ण निघाली, पोट कुठंही उघडावं लागलं नाही. सांधा केला, पाणी सोडून हवा भरली, तर एका कोपऱ्यातून बुडबुडे आले. तिथं पुन्हा टाके घातले. आता येत नाहीत. पण एकदा आले आहेत, म्हणून मला तात्पुरती पिशवी लावावीशी वाटते. निर्णय तुमचा. सोनाली मंगलला म्हणाली, आई, पप्पांना शब्द दिलायस तू. मंगलनं डॉक्टरबाईंना एकच विचारलं.

"बुडबुडा तुमी सोता बघितला का?"

"हो. माझ्या डोळ्यांनी."

"मंग लावा. बुडबुडा दिसला तर आमच्यात गाडी सोडत न्हाईत."

डॉक्टरबाईंना यातलं काही कळलं नाही. गाडी कुठली, असं त्यांनी सोनालीला विचारलं. सोनालीनं त्यांना आमच्या दुकानातला नियम सांगितला. मग त्या आत गेल्या आणि मंगल खाली फरशीवर बसली ती दोन तास उठली नाही.

सव्वीस वर्षं मी अनोळखी माणसांशी ज्या गोष्टीवरून भांडत आलो, ती माझ्या बायकोनं माझ्यासाठी केली होती. नेमकं तेच करू नकोस म्हणून मी तिच्याकडून शब्द घेतला होता. मला रडू आलं. रडताना पोट दुखतं, म्हणून ते नीट रडताही आलं नाही.

मंगल डबा घेऊन परत आली. मी विचारलं, "तू जेवलीस का?"

तिनं डबा पलंगाच्या कडेला ठेवला. "न्हाई," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून तिनं आमच्या दोघांसाठी उगाचच पाणी ओतलं, मला अजून चमच्यानंच प्यायचं होतं तरी.

पिशवी चिकटवण्याची कला

आता थोडं कामाचं. पिशवीच्या चिकट गोल पुठ्ठ्याला बाहेर काढलेल्या आतड्याच्या मापाचं भोक कापावं लागतं. ते मोठं झालं तर घाण बाजूच्या कातडीला लागते आणि आग होते, लहान झालं तर काचतं. बहुतेक लोक इथं घाई करतात. मी तर आयुष्यभर रबराचे गोल पॅचच कापलेत. जागा पुसायची, पूर्ण कोरडी होऊ द्यायची, चिकटवायचं आणि वर तळहाताची ऊब देऊन दाबून धरायचं, घड्याळ न बघता. माझी पिशवी चार-चार दिवस जागची हलायची नाही. सिस्टरनं मला दुसऱ्या एका पेशंटला शिकवायला नेलं तेव्हा मला जो काही अभिमान वाटला, तो दुकान टाकलं त्या दिवशीही वाटला नव्हता. आणखी एक, पाणी भरपूर प्या, मीठ-साखर घालून. पिशवीवाटे पाणी जाऊन शरीर वाळतं, हे मला चक्कर येऊन शेडमध्ये बसल्यावर समजलं.

घरी आल्यावर गावातले लोक भेटायला येऊ लागले. प्रत्येकाला व्रण बघायचा असायचा. मी चार भोकं दाखवली की त्यांचा विरस व्हायचा. "एवढंच?" म्हणायचे. एकजण तर म्हणाला, "मग परवापासनं दुकान चालू का?" मंगल आतून ओरडली, "आतला सांदा वाळल्याशिवाय न्हाई." काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर बाजूच्या गाठींपर्यंत पोचलेला नव्हता आणि पुढचं औषध, म्हणजे किमो, लागणार नव्हतं. पण आतला सांधा बाहेरून कुणालाच दिसत नव्हता, मला तर नाहीच. पिशवी होती त्या अडीच महिन्यांत मी ताप आला का, पोट दुखलं का, एवढंच बघत राहिलो. शेडच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचो आणि मंगल ट्यूब बुडवायची तेव्हा त्या घमेल्याकडे बघायला मला धीर व्हायचा नाही.

पडद्यावर

पिशवी काढायच्या आधी सांधा भरलाय की नाही ते बघतात. खालून पांढरं औषध सोडतात आणि फोटो घेतात. गळत असेल तर पांढरं बाहेर पसरलेलं दिसतं. गळत असेल तर पिशवी राहणार, किती दिवस ते सांगता येत नाही. कदाचित कायमची.

त्या टेबलावर मला कुशीवर झोपवलं. औषध आत येताना कळत होतं. मी फोटो काढणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला वाटलं, ट्यूब पाण्यात घातल्यावर गाडीवाला माझ्या तोंडाकडे बघत राहतो, ते असं असतं तर.

कपडे घालून बाहेर आलो. डॉक्टरबाई संगणकासमोर बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मॅडम, थांबा. आधी मंगलला बोलवा. ती बघेल."

त्यांनी दार उघडून स्वतः मंगलला हाक मारली. मग पडदा तिच्याकडे वळवला आणि पेनच्या टोकानं दाखवलं, हा तुमच्या यजमानांचा सांधा. बाहेर पांढरं कुठं दिसतंय का बघा.

मंगलनं आपल्या कापडी थैलीतून चष्मा काढून लावला. ती पडद्याच्या इतकी जवळ गेली की काचेवर तिचा श्वास दिसला. डॉक्टरबाईंनी एकेक फोटो पुढे नेला. सगळे संपले.

"परत एकदा दावा," मंगल म्हणाली. ती ट्यूबसुद्धा दोनदा फिरवते.

डॉक्टरबाईंनी पुन्हा पहिल्यापासून दाखवले. मी पडद्याकडे बघत नव्हतो, मंगलकडे बघत होतो. शेवटच्या फोटोवर तिनं सांध्याभोवती बोट फिरवून बघितलं. मग तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि डॉक्टरबाईंकडे वळली.

"कुटं गळत न्हाई," ती म्हणाली. "सोडा गाडी."